जुन्या गाडीच्या डॅशबोर्डची गादी वाकली? फेकण्याआधी तिचे तीन थर तपासा

हैदराबाद (जामबाग) : उन्हाळा सरत आला की जुन्या गाड्यांच्या मालकांची एक तक्रार हमखास ऐकू येते. डॅशबोर्डवरची गादी काचेकडच्या बाजूने वर उचलली गेली, मधेच फुगली किंवा स्पीकरच्या जाळीपासून चिरत गेली. इंजिन चांगलं, रंग चांगला, सीटही नवीन. पण गाडीत बसलं की नजर जाते ती त्या वाकलेल्या पट्ट्यावरच.

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. वरून मखमली कव्हर टाकून दुखणं झाकतात, नाहीतर गादी उपटून तिच्या जागी फायबरचं काहीतरी बसवून घेतात. दोन्हींत तोटा मालकाचाच. पद्मिनीचं उत्पादन २००१ मध्ये थांबलं, कॉन्टेसाचं २००२ मध्ये आणि अँबेसिडरचं २०१४ मध्ये. कंपनीकडून नवी गादी मिळण्याचा प्रश्नच नाही. एकदा भंगारात गेलेली मूळ गादी सहसा परत मिळत नाही. आणि बऱ्याचदा ती टाकून देण्याइतकी बिघडलेलीही नसते. तिच्या तीन थरांपैकी एकच थर गेलेला असतो.

नांदेड, लातूर, बिदर, आदिलाबाद, कलबुर्गी या पट्ट्यातले अनेक गाडीमालक सामानासाठी आणि कुशनच्या कामासाठी हैदराबाद गाठतात. त्यांनी दुकानाची पायरी चढण्याआधी काय तपासावं, कारागिराला काय सांगावं आणि काय करू देऊ नये, ते इथे समजून घेऊ.

जामबाग का?

मोअज्जम जाही मार्केटकडून कोठीकडे जाताना जामबाग लागतं. इथला फुलांचा बाजार जुन्या हैदराबादकरांना चांगला आठवतो. मराठी माणसाला हा भाग आणखी एका कारणाने जवळचा आहे. परभणी भागातून आलेले न्यायमूर्ती केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०७ मध्ये सुरू केलेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था याच जामबागेत आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला. पण कामासाठी, शिक्षणासाठी आणि खरेदीसाठी हैदराबादला येणं काही थांबलं नाही.

जामबाग, पुतलीबावली आणि कोठीच्या या पट्ट्यात गाडीचं सामान, रेक्झिन, सीट कव्हर असं सगळं हाताच्या अंतरावर आहे. गादीच्या दुरुस्तीला हे सोयीचं पडतं, कारण या कामाला एकच कारागीर पुरत नाही. कुशनवाला लागतो, रंगवाला लागतो, कधी काच काढणाराही लागतो.

गादी म्हणजे नेमकं काय?

डॅशबोर्ड हा शब्द घोडागाडीच्या काळातला. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली ती फळी होती. मोटारी आल्या तेव्हा त्याच जागी लाकूड किंवा पत्रा आला. चौमहल्ला राजवाड्यात मांडलेल्या निजामांच्या सर्वांत जुन्या मोटारींना आज आपण बोलतोय तो आजार होत नाही, कारण त्या काळी डॅशवर फोमची गादीच नव्हती.

गादी आली ती सुरक्षिततेसाठी. अपघातात पुढे बसलेल्याचं डोकं पत्र्यावर आदळू नये हा हेतू. फोर्डने अमेरिकेत १९५६ च्या मॉडेलांत गादीचा डॅशबोर्ड ऐच्छिक म्हणून दिला. १९६८ पासून तिथे गाडीच्या आतल्या भागावर आदळून होणाऱ्या इजांबाबत सरकारी मानकच लागू झालं. त्यानंतर गादी जगभर पसरली आणि आपल्याकडच्या गाड्यांतही आली.

या गादीचे तीन थर असतात :

१. वरची कातडी : बहुतेक गाड्यांत ही व्हिनाइलची, म्हणजे आपल्या भाषेत रेक्झिनच्या जातीची असते.

२. मधला फोम : पॉलियुरेथेनचा. दाबला तर दबतो, सोडला की परत येतो.

३. खालचा पाया : पत्रा, कडक प्लास्टिक किंवा दाबून बनवलेला पुठ्ठा, म्हणजे हार्डबोर्ड.

यातला कुठला थर गेला हे कळलं की निम्मं काम झालं.

वाकते कशामुळे?

व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. नळाचा पाइपही पीव्हीसीचाच, पण तो कडक असतो. कातडीला मऊपणा येतो तो त्यात मिसळलेल्या तेलासारख्या द्रव्यामुळे. त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. उन्हाने डॅश तापला की हे द्रव्य हळूहळू बाहेर पडतं. पुढच्या काचेवर आतून जो तेलकट थर साचतो, त्यात याचाही वाटा असतो.

द्रव्य गेलं की कातडी कडक होते आणि आकसते. खालचा पाया मात्र तेवढाच राहतो. पापड वाळताना कडा कशा वर वळतात, तसंच इथे घडतं. कातडी वरून ओढते, पाया वाकतो आणि कडा उचलली जाते. जिथे गादी आधीच कापलेली असते, म्हणजे स्पीकरची जाळी, हवेचे झरोके, स्क्रूची भोकं, तिथून भेग सुरू होते. मर्सिडीजच्या १९७६ ते १९८६ या काळातल्या डब्ल्यू-१२३ गाड्यांच्या डॅशवरच्या भेगा जगभरच्या मालकांना ठाऊक आहेत. म्हणजे हा दोष फक्त स्वस्त गाडीचा नाही.

ऊन किती काम करतं, याचा अंदाज एका मोजणीवरून येतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उन्हाळ्यातल्या कडक दिवशी गाड्या तासभर उभ्या करून पाहिल्या. उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डचं तापमान सरासरी ६९ अंश सेल्सिअसपर्यंत गेलं. सावलीतल्या गाडीचा डॅश ४८ अंशांच्या आसपास राहिला. सीट आणि स्टिअरिंगपेक्षाही जास्त डॅशच तापला होता. आपल्याकडचा मे महिना काही वेगळा नाही.

दुसरं कारण पाण्याचं. पुढच्या काचेचं रबर सुकलं की पावसाचं पाणी आत झिरपतं आणि गादीच्या खालच्या अंगाला लागतं. पाया हार्डबोर्डचा असेल तर तो फुगतो आणि वाकतो. अशा गाडीत आधी रबर बदलायला हवं. ते न करता गादी सरळ केली, तर पुढच्या पावसाळ्यात पैसे पाण्यात.

तिसरं कारण साधं आहे. आधीच्या कामात क्लिपा तुटल्या, दोन स्क्रू लावायचे राहिले, किंवा एकच स्क्रू जास्त आवळला. कधी कधी वाकलेली गादी नुसती नीट आवळली तरी जागेवर बसते. म्हणून सर्वांत आधी स्क्रू मोजा.

घरीच करायची तपासणी

बोटाने दाबून पाहा. कातडी हलते आणि खाली फोम मऊ लागतो, म्हणजे फक्त चिकटवण सुटलीय. हे सर्वांत सोपं काम.

दाबल्यावर पोकळ लागतं, चुरचुरतं, भेगेतून पिवळी भुकटी पडते, म्हणजे फोम गेला. तो भाग कापून नवा भरावा लागेल.

कडेला सरळ लोखंडी पट्टी धरा. पट्टी आणि गादीमध्ये फट दिसते, पण दाबल्यावर सगळा भाग एकसंध आणि टणक लागतो, म्हणजे पाया वाकलाय. गादी काढल्याशिवाय हे दुरुस्त होणार नाही.

शेवटी गालिचा उचलून पाहा. ओल किंवा गंज दिसला तर गादीआधी काचेच्या रबराकडे वळा.

काढताना घाई नको

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवावी. मीटर, दिवे, रेडिओ यांच्या तारा गादीजवळूनच जातात. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढावा आणि स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत नाव लिहून ठेवावेत.

जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा थंडीत काचेसारख्या तुटतात. म्हणून हे काम दुपारी करावं, किंवा क्लिपेजवळ हेअर ड्रायरची ऊब द्यावी. काही गाड्यांत पुढची काच काढल्याशिवाय गादी निघतच नाही. तशी गाडी असेल तर आधी विचार करा. जुन्या मॉडेलची काच फुटली तर गादीपेक्षा तीच महागात पडेल. अशा ठिकाणी गादी जागेवरच ठेवून होईल तेवढी दुरुस्ती करणं शहाणपणाचं.

पाया सरळ करणं

प्लास्टिकचा पाया सरळ करायचा तो सावकाश. गादी सपाट फळीवर उलटी ठेवायची, साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत सगळीकडे सारखी ऊब द्यायची, मग वाकलेल्या भागावर वजन ठेवून किंवा क्लॅम्प लावून पूर्ण थंड होऊ द्यायची. प्लास्टिक थोडं परत फिरतंच, म्हणून वाकाच्या उलट दिशेला किंचित जास्त दाब ठेवतात. एका दमात जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

हीट गन एकाच जागी धरली की काम बिघडतं. व्हिनाइलचा पोत वितळून चकाकणारा डाग पडतो, आणि तो नंतर जात नाही. उघडी ज्योत तर अजिबात नको.

इतकं करूनही पाया परत वाकत असेल तर खालच्या अंगाला ॲल्युमिनियमची पातळ पट्टी बसवता येते. ती वरून दिसत नाही आणि पुढे काढताही येते. हार्डबोर्ड कुजलेला असेल तर त्याच्या मापाचा नवा तुकडा कापून घ्यावा. जुना तुकडा मात्र माप म्हणून जपून ठेवावा.

फोम भरताना होणारी नेहमीची चूक

सीटचा स्पंज इथे चालत नाही. तो फार मऊ असतो. वरून कातडी ताणली की दबतो आणि वर्षभरात खड्डे दिसू लागतात. त्याऐवजी ईव्हीए किंवा क्रॉसलिंक फोमचं घट्ट शीट थर देऊन चिकटवतात आणि सँडपेपरने आकार देतात. ओतून भरायचा दोन भागांचा फोमही मिळतो. पण तो जोरात फुगतो, म्हणून थोडा थोडाच ओतावा. नाहीतर सरळ केलेली गादी आतूनच पुन्हा वाकते.

उलट चूकही होते. भेगेत पत्र्याची पुट्टी किंवा एम-सील भरलं जातं. दिसायला काम झटपट होतं. पण उन्हात गादी पसरते आणि रात्री आकसते. कडक पुट्टी तिच्याबरोबर हलत नाही, म्हणून तिच्या शेजारीच नवी भेग पडते. इथे लवचिक राहणारं फिलरच हवं.

जुना फोम घासताना तोंडाला मास्क लावावा. ती भुकटी श्वासात जाऊ देऊ नये.

कातडी : जुनी राखायची की नवी चढवायची?

भेगा दोन-तीनच असतील आणि बाकी कातडी मऊ असेल, तर जुनी राखावी. भेगेच्या वर वळलेल्या कडा कापायच्या, खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी करायची, लवचिक फिलर भरायचं, बारीक सँडपेपरने सपाट करायचं, पोत उमटवायचा आणि व्हिनाइलसाठी असलेला मॅट रंग मारायचा. साधा एनॅमल स्प्रे मारला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो.

कातडी सगळीकडेच कडक होऊन तडकली असेल, तर नवी चढवण्याला पर्याय नाही. इथे चार गोष्टी पाहायच्या.

पहिली, कापड. दोन्ही दिशांना ताणलं जाणारं व्हिनाइल मागावं. सीटचं जाड रेक्झिन वळणावर नीट बसत नाही. रोल बहुधा ५४ इंच रुंद असतो. डॅश मोजूनच कापड घ्यावं, म्हणजे मधे जोड येणार नाही. पोत जुळवण्यासाठी ग्लोव्ह बॉक्सचं झाकण किंवा मूळ कातडीचा तुकडा सोबत न्यावा.

दुसरी, चिकटवण. सुतारकामाचं पांढरं फेव्हिकॉल उष्णतेत आणि दमट हवेत ढिलं पडतं. रबराच्या जातीचं, उष्णता सोसणारं ॲढेसिव्ह लागतं. ते दोन्ही पृष्ठभागांना लावून, हाताला चिकटेनासं झालं की मगच जोडायचं. त्याची वाफ पेट घेते. खोली हवेशीर असावी, जवळ विडी-सिगारेट नको.

तिसरी, खोलगट वळणं. मीटरच्या वरच्या भागात आणि झरोक्यांजवळ कापड नुसतं ताणून चिकटवलं, तर पहिल्याच उन्हाळ्यात तंबूसारखं वर येतं. तिथे शिलाई किंवा जोड घ्यावाच लागतो. कारागीर ‘एकाच तुकड्यात करून देतो’ म्हणाला, तर त्या वळणांचं काय करणार, हे विचारून घ्या.

चौथी, चमक. चकचकीत किंवा फिकट रंगाची कातडी उन्हात काचेवर उमटते आणि समोरचा रस्ता नीट दिसत नाही. मॅट आणि गडद रंगच बरा.

जे करू देऊ नये

मूळ गादी काढून तिथे कडक फायबरचा साचा बसवणं ही सर्वांत मोठी चूक. दिसायला तो गुळगुळीत असतो, पण डोकं वाचवण्यासाठी आलेल्या जागी पुन्हा दगड ठेवल्यासारखंच आहे. जुन्या गाड्यांत एअरबॅग नसते; जी काही मऊ जागा आहे ती हीच. आणि त्या मानाने नव्या गाडीत, जिथे पुढच्या प्रवाशासाठी डॅशमध्ये एअरबॅग आहे, तिथे वरून कातडी किंवा कव्हर चढवूच नये.

दुसरी गोष्ट सिलिकॉनच्या पॉलिशची. त्याने दोन दिवस चमक येते. पण पृष्ठभागावर जो थर राहतो, त्यावर पुढे ना चिकटवण धरत, ना रंग. असं पॉलिश आधी वापरलं असेल तर कारागिराला सांगावं, म्हणजे तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने आधी नीट साफ करेल.

हिशोब कसा मागायचा?

‘डॅशचं काम किती?’ असं विचारलं की एकच गोळाबेरीज आकडा मिळतो आणि भांडण तिथेच सुरू होतं. त्याऐवजी पाच बाबी वेगळ्या लिहून घ्याव्यात : काढणं-बसवणं, पाया, फोम, कातडी आणि रंग. तपासणीत फक्त चिकटवणच सुटलेली निघाली, तर बाकीच्या बाबींचे पैसे वाचतात. क्लिप तुटली किंवा काच फुटली तर जबाबदारी कुणाची, हेही त्याच कागदावर हवं. जुना भाग परत मिळेल, असं एक वाक्य लिहून घ्यावं आणि बिल मागावं. विम्याची आशा धरू नये. झीज आणि जुनेपणामुळे झालेलं नुकसान मोटार विम्यात बसत नाही.

लांबून येणाऱ्यांसाठी खर्च वाचवण्याचा एक मार्ग आहे. गादी वजनाला हलकी असते. गावच्या मेकॅनिककडून ती काढून घेतली, तर गाडी हैदराबादला नेण्याची गरज नाही. गादी चादरीत गुंडाळून, फळीला बांधून बसने आणता येते. महात्मा गांधी बस स्थानकापासून जामबाग दोनेक किलोमीटरवर आहे. फक्त एक पथ्य पाळावं. काढण्याआधी गाडीत गादी जिथे टेकते त्या कडेचा पुठ्ठ्यावर छाप घ्यावा आणि तो कारागिराला द्यावा. नव्या कातडीची जाडी मिलिमीटरभर वाढली, तरी काचेकडची कड अडते.

नोंदणीला अडचण येते का?

ही शंका अनेकांना असते. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक घेता येतो. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं आणि नूतनीकरण ५ हजार रुपयांत. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. गादीची दुरुस्ती या फेरफारात मोडत नाही. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, पण दुरुस्तीसाठी नेता येते. कॉन्टेसा १९८४ नंतरची असल्याने ती अजून या वर्गात बसत नाही.

मात्र गाडी विकायची किंवा प्रदर्शनात मांडायची असेल, तर जाणकार मूळ गादी आहे का हे पाहतातच. चांगली दुरुस्त केलेली मूळ गादी, चकचकीत नव्या साच्यापेक्षा जास्त मोलाची ठरते.

पुन्हा वाकू नये म्हणून

- गाडी सावलीत उभी करा. वर दिलेल्या मोजणीत फक्त सावलीने डॅशचं तापमान वीस अंशांनी कमी राहिलं होतं.
- उन्हातच ठेवावी लागली तर काचेला आतून चांदीच्या रंगाचा पडदा लावा आणि गाडीचं तोंड दक्षिण-पश्चिमेच्या उन्हाकडे ठेवू नका.
- गादी ओल्या मऊ फडक्याने पुसा. तेल, खोबरेल, चमकदार पॉलिश नको.
- डॅशवर देवाची मूर्ती किंवा मोबाइलचा स्टँड डबल टेपने चिकटवू नका. काढताना कातडी उचलली जाते आणि भेगेची सुरुवात तिथूनच होते.
- दर पावसाळ्याआधी काचेचं रबर तपासा.

थोडक्यात, वाकलेली गादी दिसली की आधी स्क्रू मोजा, मग रबर पाहा, मग बोटाने दाबून कुठला थर गेलाय ते ठरवा. जेवढा थर गेला तेवढाच दुरुस्त करा. आणि काहीही बदललं तरी जुना तुकडा दुकानात सोडून येऊ नका.